लिलावाच्या कागदावरची पाचवी ओळ

मी तेहतीस वर्षं इथल्या हायस्कुलात गणित शिकवलं. शेकडेवारी, सूट, कमिशन, चक्रवाढ व्याज, सगळं. नेपरव्हिलमधली कितीतरी पोरं, जी आज शिकागोच्या ऑफिसांत बसून लोकांचे पैसे मोजतात, ती माझा ओरडा खाऊन पुढे गेली आहेत. असं असून एका जुन्या बंदुकीच्या लिलावाच्या फीने मला असं भंडावून सोडलं की डोक्याचा पार भुगा झाला. चार महिने मी तेच कागद वाचत होते आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

बंदूक आमचीच. म्हणजे ह्यांची. हे सर्जन होते, आणि नेपरव्हिलला येण्याआधी आम्ही बरीच वर्षं इलिनॉयच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात होतो, मक्याच्या शेतांच्या मधोमध. तिथल्या एका म्हाताऱ्याचा हात कापणीच्या यंत्रात सापडला होता, तो ह्यांनी वाचवला. बरा झाल्यावर एका रविवारी तो गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आत त्याच्या पणजोबांची ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, त्या जातीची. लाकडी दस्त्यात पितळेची एक छोटी डबी बसवलेली आणि मागच्या टोकाला पितळेचीच पट्टी. हे नको नको म्हणाले. तो म्हणाला, मला मूलबाळ नाही, आणि ज्या हाताने ही आणली तो हात तुमचाच आहे. मग ह्यांनी ती ठेवून घेतली.

हे म्हणजे डास मारायलाही मला हाक मारणारा माणूस. त्यांनी ती बंदूक एकदाही उडवली नाही. कशी उडवायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण खंडेनवमी आली की ती कपाटातून बाहेर यायची. दोन पाट एकापुढे एक मांडून त्यांवर ती आडवी. शेजारी ह्यांच्या कात्र्या आणि चिमटे, माझा वर्गातला मोठा लाकडी कंपास, गाडीच्या किल्ल्या. सगळ्यांना हळदकुंकू, फुलं, आणि मग हे निरांजन घेऊन दस्त्यापासून तोंडापर्यंत सावकाश ओवाळायचे. लेक लहान होती तेव्हा बंदुकीच्या तोंडाशी हळदीचं बोट लावायचा मान तिचा. अल्बममध्ये तसा एक फोटो आहे. दोन वेण्या, परकर-पोलकं, आणि नळीच्या तोंडापुढे ओणवी झालेली सहा वर्षांची पोर. हा फोटो आम्ही आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत असू.

ती लेक आता दूर पूर्व किनाऱ्याकडे, पार्सिपनीला असते. लहान मुलांच्या इमर्जन्सीत डॉक्टर आहे. तिला मुलगी झाली, ती मुलगी रांगायला लागली, तेव्हा लेकीने फोनवर सरळ सांगितलं की ज्या घरात बंदूक आहे तिथे माझं बाळ पाऊल ठेवणार नाही. हे हसले. म्हणाले, अगं ती कसली बंदूक, ती तर म्युझियममधली काठी आहे, शिवाय कपाटाला कुलूप असतं. त्यावर ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"बाबा, आमच्याकडे असं पोर आणतात ना, तेव्हा एव्हरी टाइम घरातलं कुणीतरी हेच सांगत असतं, की ती लोडेड नव्हती."

बाप आणि लेक, दोघंही हट्टी. हे बंदूक सोडेनात आणि ती हट्ट सोडेना. पुढची चार वर्षं ती आली की हायवेजवळच्या हॉटेलात उतरायची आणि आम्ही दोघं डबा घेऊन तिथे जायचो. नातीला बरेच दिवस वाटायचं की आज्जी-आजोबा हॉटेलातच राहतात. मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. कधी लेकीचा, कधी ह्यांचा, आणि खरं सांगायचं तर डबा भरताना स्वतःचाही, कारण मी कुणाचीच बाजू घेत नव्हते.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. कपाट मी उघडलं नव्हतं. त्यात ह्यांचे शर्ट तसेच टांगलेले होते आणि त्यांच्यामागे कोपऱ्यात ती उभी. या मार्चमध्ये मीच लेकीला म्हटलं की नात आता सहा वर्षांची झाली, उन्हाळ्यात तीन आठवडे माझ्याकडे ठेव. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही, मला फार एकटं वाटतं. ती एका शब्दात म्हणाली, "बंदूक?" मी म्हटलं, काढते. शाळा सुटायला साडेतीन महिने होते.

पोलीस स्टेशनला नेऊन दे, फुकट घेतात, असं तिने सुचवलं. मला ते पटेना. ज्या वस्तूला आम्ही इतकी वर्षं ओवाळलं ती भंगारात मोडायची? तिची कदर असलेल्या माणसाच्या घरी ती जावी, एवढंच माझं म्हणणं होतं. चौकशी केल्यावर कळलं की शेजारच्या राज्यात अशा जुन्या बंदुकांचा लिलाव करणारी एक कंपनी आहे. तिथे फोन केला, फोनवरून फोटो पाठवले.

फोनवरचा माणूस मोठा अदबशीर होता. शेवटपर्यंत तो माझ्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलला नाही, मी मात्र बोलले. त्याने फोटो पाहून सांगितलं की तीन ते चार हजार डॉलर यायला हरकत नाही. लाकडाचा रंग, पितळेवरचा काळपटपणा, सगळं जसंच्या तसं आहे, हे फार दुर्मिळ. शिवाय बंदूक इतकी जुनी आहे की कायद्याच्या लेखी ती बंदूकच नाही, त्यामुळे मध्ये लायसन्सवाल्या दुकानदाराची गरज नाही आणि त्याची फीही नाही. म्हणजे लेकीच्या लेखी ती बंदूक आणि सरकारच्या लेखी नाही. गोंधळाला इथूनच सुरुवात झाली.

मग सहा पानांचा करार आला. मी तो पेन घेऊन वाचायला बसले, जशी पेपर तपासायला बसायची. हातोडा पडेल ती किंमत वेगळी आणि घेणारा देतो ती किंमत वेगळी. घेणाऱ्याने हातोड्याच्या किमतीवर वीस टक्के जास्त द्यायचे. मला वाटलं, वा, म्हणजे हे वीस टक्के माझे. फोन केला. तर ते कंपनीचे. मग माझं काय? हातोड्याच्या किमतीतून पंधरा टक्के कमिशन कापून उरेल ते माझं. म्हणजे घेणाऱ्याकडूनही घेता आणि माझ्याकडूनही? हो मॅडम, अशीच पद्धत आहे. आमच्याकडे लग्न जमवणारे असायचे, तेही दोन्हीकडून घ्यायचे, पण निदान जेवून तरी जायचे. हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढे फोटो काढण्याची फी, कॅटलॉगात छापण्याची त्यातच, विम्याची निराळी. विमा कशावर? विकली गेली तर मिळालेल्या किमतीवर, नाही गेली तर तुम्ही ठरवलेल्या किमान किमतीवर. ही किमान किंमत म्हणजे राखीव किंमत. त्या कलमापाशी मी तीन दिवस अडकले. तिसऱ्या दिवशी माझी अशी समजूत झाली की राखीव किंमत म्हणजे कंपनीने मला दिलेली हमी. बोली कमी आली तरी तेवढे पैसे ते देणारच, नाहीतर राखीव म्हणायचं कशाला? आपल्याला समजलं या आनंदात मी पुन्हा विचारलं नाही. वर्गात अशी पोरं मी रोज बघायचे. न समजलेलीच पोरं मान डोलावतात.

बंदूक पोचवायच्या आदल्या दिवशी मी ती कपाटातून काढली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच हातात घेतली, आणि मला भरून आलं. लेक सासरी निघाली तर तिला न्हाऊमाखू घालतो की नाही? आणि ही तर पितळेला काळं चढलेल्या अवस्थेत निघालेली. देवाची भांडी आपण अशी कुणाच्या हातात दिली असती का? मी चिंच भिजत घातली. मीठ टाकून तो कोळ पितळेच्या डबीला आणि पट्टीला लावला आणि समईला घासते तसं जीव ओतून घासलं. दीडशे वर्षांचा काळपटपणा अर्ध्या तासात गेला. पितळ असं लखलखलं की त्यात माझा चष्मा दिसायला लागला. लाकडावर इतक्या वर्षांच्या हळदीचे पिवळे ठिपके होते, तेही ओल्या फडक्याने पुसून पाहिले, ते मात्र गेले नाहीत. हे असते तर त्यांनी मला हात लावू दिला नसता. त्यांच्या वेळी फक्त कोरडं फडकं फिरायचं. पण मला वाटलं, पुरुषांना कुठे कळतं.

दुसऱ्या दिवशी सोलापुरी चादरीत गुंडाळून ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि तीन तास ड्राइव्ह केलं. सबंध रस्ताभर मी स्पीड लिमिटच्या पाच मैल खाली. मागचे लोक वैतागून पुढे जात होते. पोलिसाने थांबवलं तर काय सांगायचं याची मी मनात उजळणी करत होते. सर, ही कायद्याने बंदूक नाही, पण माझी मुलगी म्हणते की आहे.

फोनवरचा माणूस प्रत्यक्षात साठीचा, पांढऱ्या मिशांचा निघाला. त्याने चादर उलगडली. पितळेवरून बोट फिरवत त्याने विचारलं की हे कधी झालं. मी अभिमानाने म्हटलं, काल. कशाने, असं त्याने विचारल्यावर मी चिंचेबद्दल सगळं सांगितलं, आणि हळदीबद्दलही सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला की संग्रह करणारे लोक त्या काळपटपणाचेच पैसे देतात. आता फार तर बाराशे ते पंधराशे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी भांडते. मी म्हटलं, राखीव किंमत दोन हजार टाका. तो नको म्हणत होता. इतक्या वर घेऊ नका, विकली नाही गेली तर तुम्हालाच फी पडेल, असंही तो म्हणाला असेल. त्याचं ऐकायला मी तिथे होतेच कुठे? ह्यांच्या वस्तूची किंमत माझ्या मूर्खपणामुळे निम्म्याहून जास्त पडली होती आणि मला ती कागदावर तरी वर ठेवायची होती. सही करून निघाले. निघताना बघितलं तर तो एक लांब लाकडी गज घेऊन बंदुकीच्या नळीजवळ वाकला होता. मला वाटलं, आतही घासलंय का ते बघतोय.

एप्रिलच्या एका शनिवारी दुपारी लिलाव कॉम्प्युटरवर दिसत होता. आमचा नंबर आला. आठशे, हजार, बाराशे, चौदाशे. हातोडा वाजला, पुढची वस्तू आली. चौदाशेच का असेना, गेली एकदाची, आणि वरचे सहाशे कंपनी भरेल. मी लगेच लेकीला फोन केला. बंदूक गेली, म्हटलं. ती रडायला लागली. तिला रडताना मी तिच्या बाबांच्या दिवसांनंतर पहिल्यांदा ऐकलं. त्याच संध्याकाळी तिने तिकिटं काढली, तिची आणि नातीची.

सोमवारी ईमेल आली. बंदूक विकली गेली नाही. राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही, तेव्हा हातोडा नुसताच पडला. न विकल्याची फी, राखीव किमतीच्या पाच टक्के, शंभर डॉलर. फोटोचे पन्नास. दोन हजारांवर विमा, तीस. वर्कशॉप, पंचाहत्तर. एकूण दोनशे पंचावन्न, आणि कृपया बंदूक घेऊन जावी.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे तर कोंबडी परत आणि मसाल्याचं बिल हातात. मी फोनवर त्या बिचाऱ्याला धरून धुतलं. न विकण्याची फी कसली? मी वर्गात न शिकवता पगार घेतला असता का? त्याने करारातलं नववं कलम वाचून दाखवलं. मग मी विम्यावर घसरले, मग फोटोवर. वर्कशॉपच्या पंचाहत्तरांबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही. मला खात्री होती की चिंचेने झालेलं नुकसान कुणी कारागिराने झाकायचा प्रयत्न केला आहे आणि ते पैसे माझ्या अकलेचे आहेत. तो विषय पुन्हा निघायला नको होता.

शेवटी त्यानेच तोडगा काढला. बंदूक इथेच ठेवा. जूनच्या सुरुवातीला आणखी एक लिलाव आहे. राखीव किंमत न ठेवता विकायची तयारी असेल तर शंभर डॉलर माफ करतो, बाकीचे पुढच्या हिशेबात कापू. राखीव किंमत ठेवून पुन्हा न विकता पडून राहिली तर मात्र पुढची पाळी सप्टेंबरमध्ये. विचार करून सांगते म्हटलं.

लेकीला सांगणं त्याहून अवघड होतं. मी हमी, हातोडा, कलम नऊ असं काहीबाही सांगत राहिले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शांत बोलायला लागली की ती हॉस्पिटलमधली डॉक्टर होते.

"आई, मला फी समजावू नकोस. आय डोन्ट केअर. घरात आहे की नाही, एवढंच सांग."

घरात नाही, म्हटलं, पण माझ्या नावावर आहे. मग तिकिटं कॅन्सल करत नाही, जूनपर्यंत बघते, असं म्हणून तिने फोन ठेवला. मी त्या रात्रीच्या जेवणाला नुसता दहीभात खाल्ला. किती खाली उतरायचं, हे मला ठरवायचं होतं. राखीव किंमत ठेवली तर ह्यांचा मान राहतो आणि नात येत नाही. काढली तर नात येते आणि बंदूक कदाचित जुन्या सायकलच्या भावात जाते. शेकडेवारी शिकवणाऱ्या बाईला याची त्रैराशिकं मांडता येईनात. सकाळी फोन करून म्हटलं, काढा राखीव किंमत.

जूनच्या लिलावाला मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर. बोली तीनशेवर सुरू झाली आणि तिथेच थांबली. बघण्यासाठी खातं उघडावं लागतं, त्यामुळे माझ्याही पडद्यावर बोली लावायचं हिरवं बटण होतं. विकणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, हे कलम एव्हाना मला पाठ होतं. तरी माझं बोट तिथे गेलं. तीनशे डॉलर! त्या म्हाताऱ्याच्या पणजोबांची, ह्यांच्या हातची, इतक्या नवम्यांची वस्तू. दाबलं असतं तर ती परत माझी, वर वीस टक्के, आणि पुन्हा हॉटेल आणि डबा. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले. पाचशे झाले, सातशे झाले. मग कुणीतरी दोघंजण एकमेकांना भिडले असावेत, कारण अकराशेवर हातोडा पडला. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. सोमवारपर्यंत थांबले, ईमेल दोनदा वाचली, मगच लेकीला सांगितलं.

हिशेबाचा कागद पोस्टाने आला. हातोड्याची किंमत अकराशे. कमिशन एकशे पासष्ट. फोटो पन्नास. विमा, मागचा, तीस. वर्कशॉप पंचाहत्तर. मला सातशे ऐंशी. घेणाऱ्याने दिले तेराशे वीस, टॅक्स आणि पाठवणी वेगळी. त्याने दिलेले आणि मला मिळालेले यांच्यात पाचशे चाळीस डॉलरची दरी. तिच्यात नेमकं कोण कोण बसलंय ते मला पूर्ण कधीच कळलं नाही. पण शंभर डॉलर माफ करून घेतल्यापासून मला भांडणाची चटक लागली होती, आणि आता लाजही ओसरली होती. पाचव्या ओळीवर बोट ठेवून मी फोन लावला. म्हटलं, पितळेचं वाटोळं मी केलं हे कबूल, पण दुरुस्ती करा असं मी सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, दुरुस्ती नव्हती, मॅडम. ठासणीची बंदूक आली की आम्ही पहिल्यांदा नळीत गज घालतो. जेवढा आत जातो तेवढी खूण करायची आणि बाहेरून नळीशी मोजायची. तुमच्या बंदुकीत गज चार बोटं आधीच थांबला. आत दारू होती, वर गोळी. आमच्या कारागिराने ती काढली, त्याचे हे पंचाहत्तर. पहिल्या बिलासोबत तशी चिठ्ठीही होती, तुम्ही वाचली असेल असं वाटलं.

मी विचारलं की इतक्या जुन्या दारूत काय राम असणार. तो म्हणाला की कोरडी राहिली तर काळी दारू मरत नाही. तुमची कोरडी होती. चापाजवळ ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली नव्हती म्हणून आपोआप उडाली नसती, पण टोपीच्या त्या भोकातून एखादी ठिणगी आत गेली असती तर सांगता येत नाही. मग त्याने नेहमीच्या अदबीने विचारलं की ती बंदूक आम्ही कधी विस्तवाजवळ वगैरे ठेवली होती का.

मी म्हटलं, नाही. का खोटं बोलले कोण जाणे. फोन ठेवला आणि अल्बम काढला. फोटोत ह्यांच्या हातात निरांजन आहे, चापाच्या अगदी वर. आणि नळीच्या तोंडासमोर लेक, हळदीचं बोट पुढे करून, कॅमेऱ्याकडे बघत हसते आहे. फोटो मी काढलेला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. ती एक फी मी न भांडता दिली.

जूनच्या शेवटी त्या दोघी आल्या. नात दारातून आत शिरली आणि पहिल्यांदा सबंध घर धावत फिरली, खोल्या मोजत. "आज्जी, यू हॅव सो मेनी रूम्स," म्हणाली. लेक बॅग घेऊन वर गेली. थोड्या वेळाने मला कपाटाचं दार वाजलेलं ऐकू आलं. तपासते आहे, असं वाटलं. मला राग नाही आला. मी तो कागद घेऊन जिना चढले.

ती तपासत नव्हती. ह्यांचे शर्ट एका बाजूला सारून ती नातीचे फ्रॉक त्या कपाटात लावत होती, कोपऱ्यात, जिथे बंदूक उभी असायची बरोबर तिथे. मी कागद पुढे केला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

"भरलेली होती गं," मी म्हटलं. "आली तेव्हापासून. आम्हाला ठाऊक नव्हतं."

मी वाट बघत होते की ती म्हणेल, मी सांगत नव्हते? तिने कागद वाचला, पुन्हा वाचला. तिलाही तो फोटो आठवला, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. खाली नात टीव्हीशी काहीतरी बोलत होती.

"बाबांना हे कळायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली, आणि मला धरून उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मग तिने डोळे पुसले आणि बिछान्यावरच्या फ्रॉककडे बघितलं.

"आई, हँगर कमी पडतायत. आणखी आहेत?"

घरात आणखी हँगर नव्हते. मी ह्यांचे सहा शर्ट काढले, घडी करून बिछान्यावर ठेवले, आणि हँगर तिच्या हातात दिले.